एमआरआय नॉर्मल आला, मग आवाज कुठून येतो?

श्रावणातल्या एका संध्याकाळी आमच्या लालबागच्या इमारतीतल्या एक काकू एमआरआयचं मोठं पाकीट छातीशी धरून दारात उभ्या राहिल्या. मी कॉलेजात शरीरक्रियाशास्त्र शिकवतो, रुग्ण तपासत नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पण रिपोर्ट इंग्रजीत असला की इमारतीत तो माझ्याकडेच येतो. मुलगा चोवीस वर्षांचा. नोकरी सुटली होती. रात्र रात्र जागायचा, भर उकाड्यात खिडक्या लावून बसायचा, आणि कुणीतरी आपल्याबद्दल सतत बोलतंय म्हणायचा. रिपोर्टच्या शेवटच्या ओळीचा अर्थ मी सांगितला: मेंदूत काही दोष आढळला नाही. काकूंचा चेहरा उजळला आणि लगेच उतरला. "म्हणजे नाटक करतोय का हा? की बाहेरचं काही आहे?"

(हे त्या घराच्या परवानगीने लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नाटक किंवा बाधा, हे दोन्ही निष्कर्ष एकाच समजुतीतून निघतात: आजार खरा असेल तर तो फिल्मवर दिसलाच पाहिजे. ही समजूत शिकलेल्या घरांतही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार साधारण ३०० माणसांमागे एकाला स्किझोफ्रेनिया, म्हणजे काकूंच्या मुलासारखी लक्षणं दिसणारा आजार, असतो. गर्दीच्या वेळच्या बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये चार-साडेचार हजार माणसं असतात, म्हणजे त्या एकाच गाडीत असे चौदा-पंधरा जण निघतील. त्यांतल्या कुणाच्याही एमआरआयवर 'स्किझोफ्रेनिया' असं लिहून येणार नाही.

आधी नावाचा घोळ. मराठीत आपण या आजाराला छिन्नमनस्कता म्हणतो. स्विस मानसोपचारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी १९०८ साली 'स्किझोफ्रेनिया' हा शब्द बनवला, ग्रीक भाषेतल्या 'दुभंगणे' आणि 'मन' या दोन शब्दांवरून. त्यांना म्हणायचं होतं ते विचार, भावना आणि वागणं यांचा एकमेकांशी असलेला सांधा सुटण्याबद्दल. लोकांनी अर्थ घेतला एका देहात दोन माणसं. सिनेमा-मालिकांनी तो पक्का केला, आणि आता कुठल्याही पक्षाने भूमिका बदलली की त्याला 'स्किझोफ्रेनिक' म्हणतात. मला हे मनापासून खटकतं. दोन व्यक्तिमत्त्वांचा या आजाराशी काही संबंध नाही. जपानमध्ये या आजाराचं नाव असंच 'मन फाटण्याचा रोग' अशा अर्थाचं होतं. रुग्णांच्या कुटुंबीयांनी आग्रह धरला आणि २००२ मध्ये तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने ते बदललं. आपणही बदलायला हवं.

आता काकूंच्या प्रश्नाकडे येतो. बाहेर कुणी बोलत नाही, कान ठणठणीत, स्कॅन स्वच्छ. मग आवाज येतो कुठून?

एक प्रयोग आत्ताच करून बघा. एक डोळा मिटा. उघड्या डोळ्याच्या बाहेरच्या कोपऱ्याशी, पापणीवरून, बोटाने अगदी हलकेच दाबा. समोरची भिंत सरकल्यासारखी दिसेल. आता बोट काढा आणि तोच डोळा डावीकडून उजवीकडे फिरवा. डोळ्याच्या पडद्यावरचं चित्र आताही सरकलं, खरं तर आधीपेक्षा जास्तच सरकलं. भिंत मात्र जागची हलली नाही. डोळा स्नायूंनी फिरला तेव्हा हुकूम मेंदूचा होता, आणि तो सोडताना मेंदूने आपल्याच दृष्टीच्या विभागाला वर्दी दिली होती: आता चित्र सरकेल, ते आपल्याच हालचालीमुळे, लक्ष देऊ नका. बोटाने डोळा ढकलला तेव्हा अशी वर्दी गेली नाही, म्हणून जग हललं. एकोणिसाव्या शतकात जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांनी याच निरीक्षणावर खूप विचार केला होता.

ज्यांनी सरकारी पत्रं पाहिली आहेत त्यांना ही व्यवस्था ओळखीची वाटेल. पत्र ज्याला लिहिलं त्याला जातंच, पण तळाशी 'प्रत माहितीस्तव' असं लिहून आणखी दोन-चार कार्यालयांना त्याची नक्कल जाते. मेंदूचं तसंच आहे. मूळ हुकूम स्नायूंना, प्रत माहितीस्तव संवेदनांच्या विभागांना. शास्त्रीय भाषेत या प्रतीला 'कोरोलरी डिस्चार्ज' म्हणतात. हे नाव १९५० साली अमेरिकेत रॉजर स्पेरी यांनी दिलं. त्यांनी माशाचा डोळा शस्त्रक्रियेने उलटा फिरवला, तर तो मासा पाण्यात सारखा गोल गोल पोहू लागला. प्रतीत एका दिशेने चित्र सरकेल असं कळवलेलं, आणि ते सरकतंय नेमकं उलट दिशेने. मेंदू चूक सुधारायला आणखी वळतो, चूक आणखी वाढते. त्याच वर्षी जर्मनीत फॉन होल्स्ट आणि मिटेलश्टेट यांनी एका माशीचं डोकं १८० अंशांत वळवून हाच खेळ दाखवून दिला.

पण माझा सगळ्यात लाडका पुरावा रातकिड्याचा. पावसाळ्यात आरेच्या बाजूला रात्री कधी उभे राहिला असाल तर रातकिड्यांचा गजर किती असतो ते माहीत असेल. नर पुढचे पंख एकमेकांवर घासून हा आवाज काढतो, आणि त्याचे स्वतःचे कान त्याच्या पुढच्या पायांत, म्हणजे पंखांपासून जेमतेम बोटभर अंतरावर असतात. इतक्या जवळ शंभर डेसिबलचा आवाज चालू असताना त्याला मांजराची चाहूल लागणार कशी? केंब्रिजमध्ये जेम्स पुले आणि बर्थोल्ड हेडविग यांनी याचं उत्तर शोधलं. पंखाला हुकूम सुटतो त्याच क्षणी एक चेतापेशी ऐकण्याच्या पेशींना दाबून धरते. किरकिर संपली की सोडते. एका सेकंदात अनेकदा हे घडतं. २००६ साली त्यांनी ती नेमकी पेशी ओळखली. तिला सुईसारख्या बारीक इलेक्ट्रोडमधून विद्युतप्रवाहाने डिवचलं, तर किडा गप्प असतानाही त्याचं ऐकणं मंदावलं! एवढ्याशा जिवात 'हा मी आहे' असं सांगणारी एक पेशी आहे, हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला झोप लागली नव्हती.

माणसात अशी एकच पेशी शोधणं शक्य नाही, पण डोक्याला इलेक्ट्रोड लावून तिचं काम मोजता येतं. कोणताही आवाज कानावर पडला की सुमारे १०० मिलिसेकंदांनी, म्हणजे सेकंदाच्या दहाव्या भागाने, ईईजीच्या आलेखात ऋण दिशेला एक टोक येतं. त्याला एन-१ म्हणतात. तुम्ही स्वतः "आ" म्हणता तेव्हा हे टोक छोटं येतं. तोच तुमचा "आ" रेकॉर्ड करून, तेवढ्याच मोठ्या आवाजात परत ऐकवला तर टोक मोठं येतं. कानावर पडलेली लहर तीच. फरक पडला तो आधी पोचलेल्या प्रतीमुळे. या दोन टोकांतलं अंतर म्हणजे जणू त्या प्रतीची पोचपावती. अमेरिकेत ज्युडिथ फोर्ड आणि सहकाऱ्यांनी स्किझोफ्रेनिया असलेल्या लोकांत हे मोजलं. त्यांच्यात ते अंतर सरासरीने बरंच कमी निघालं. स्वतःचा आवाज मेंदूला परक्या आवाजासारखा ऐकू येत होता.

आता मनातल्या मनात बोलण्याचा विचार करा. आपण दिवसभर स्वतःशी बोलतच असतो: 'गॅस बंद केला ना', 'आता साहेब काय म्हणतील'. हे शब्द तोंडाबाहेर पडत नाहीत, पण बोलण्याची यंत्रणा थोडीफार चालू होते. १९४० च्या दशकात लुई गूल्ड या अमेरिकन डॉक्टरांनी आवाज ऐकू येणाऱ्या रुग्णांच्या ओठांचे स्नायू तपासले, पुढे एका रुग्णाचं अस्फुट पुटपुटणं मायक्रोफोनने मोठं करून ऐकलं. ती जे पुटपुटत होती तेच 'आवाज' आपल्याला सांगत आहेत, असं तिचं म्हणणं होतं. तर्क असा: वाक्य तिच्याच मेंदूत तयार झालं, पण माहितीस्तव जायची प्रत पोचली नाही. त्यामुळे ते पाठवणाऱ्याच्या नावाशिवाय आलं, म्हणजे दुसऱ्या कुणाचं तरी ठरलं. त्या बाईला ते खरोखर ऐकू येत होतं. काकूंच्या मुलालाही येत होतं.

आपल्याला स्वतःला गुदगुल्या करता येत नाहीत, तेही याच प्रतीमुळे. २००० साली लंडनमध्ये सारा-जेन ब्लेकमोर आणि क्रिस फ्रिथ यांच्या गटाने आवाज ऐकू येणाऱ्या, किंवा 'माझा हात दुसरं कुणी हलवतं' असं वाटणाऱ्या रुग्णांवर हा प्रयोग केला. त्यांना स्वतःचा स्पर्श आणि दुसऱ्याचा स्पर्श जवळपास सारखाच गुदगुल्यांचा वाटला.

या एका यंत्रणेने सगळा आजार उलगडत नाही. आवाज शिव्याच का देतो, शेजाऱ्यावर संशयच का येतो, माणूस महिनोन्‌महिने आंघोळीलाही का उठत नाही, याची उत्तरं इथे मिळत नाहीत. तिथे डोपामिन हे मेंदूतलं निरोप पोचवणारं रसायन येतं, जनुकं येतात, लहानपणापासूनची वाढ येते. डोपामिनच्या गोष्टीला मुंबईचाही एक धागा आहे: आपल्या शहरातले हृदयरोगतज्ज्ञ रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये सर्पगंधेचा रक्तदाबावरचा परिणाम जगापुढे मांडला. त्याच मुळीतलं रेसर्पिन काही वर्षांत मनोरुग्णांना दिलं जाऊ लागलं, आणि रेसर्पिन दिलेल्या सशांवरच्या प्रयोगांतून आर्विद कार्लसन यांनी डोपामिनचं महत्त्व दाखवलं. त्यांना २००० साली नोबेल मिळालं. आज रेसर्पिन या आजारासाठी वापरत नाहीत, त्याहून चांगली औषधं आहेत.

मग ईईजीने निदान का करत नाहीत? कारण वर सांगितलेले फरक गटांच्या सरासरीत दिसतात. कित्येक निरोगी माणसांचं एन-१ रुग्णांसारखं येतं, कित्येक रुग्णांचं निरोगी माणसांसारखं. मेंदूच्या आकाराचंही तसंच. म्हणून कुणी 'ब्रेन मॅपिंग करून स्किझोफ्रेनिया ओळखतो' असं सांगून पैसे मागत असेल तर देऊ नका. एमआरआय आणि रक्ततपासण्या डॉक्टर सांगतात त्या वेगळ्या कारणासाठी: गाठ, थायरॉइड, बी-१२ ची कमतरता, नशेचे पदार्थ यांतलं काही असेल तर ते आधी बाजूला काढायला. २००७ मध्ये जोसेप डालमाऊ या चेताविकारतज्ज्ञांनी असाच एक आजार वेगळा काढला. त्यात शरीराची स्वतःचीच प्रतिपिंडं मेंदूतल्या एनएमडीए ग्राहकांवर, म्हणजे चेतापेशींवरच्या निरोप झेलणाऱ्या रेणूंवर, हल्ला करतात, आणि सुरुवात हुबेहूब वेड लागल्यासारखी होते. उपचार पूर्ण वेगळा. काकूंचा स्कॅन वाया गेला नव्हता. त्याने त्याचं काम केलं होतं.

निदान होतं ते बोलण्यातून. लोकांना हे तकलादू वाटतं, आणि एके काळी ते होतंही. १९६० च्या दशकात न्यूयॉर्क आणि लंडनमधल्या निदानांची तुलना झाली तेव्हा न्यूयॉर्कचे डॉक्टर स्किझोफ्रेनियाचा शिक्का कितीतरी सहज मारताना आढळले. त्यातून धडा घेऊन निकष काटेकोर झाले. अमेरिकेची डीएसएम-५ ही नियमावली लक्षणांचे पाच गट मानते: भ्रम (समजावूनही न ढळणारी खोटी समजूत), भास (नसलेलं ऐकू येणं किंवा दिसणं), विस्कळीत बोलणं, विस्कळीत किंवा ताठरलेलं वागणं, आणि उत्साह, भावना, बोलणं आटत जाणं. यांतले किमान दोन, त्यात पहिल्या तिनांपैकी एक तरी, महिनाभर. आणि एकंदर बिघाड सहा महिने. जागतिक आरोग्य संघटनेची आयसीडी-११ ही आजारांची वर्गवारी एक महिना पुरेसा मानते. आपला २०१७ चा मानसिक आरोग्य कायदाही आयसीडीचा आधार घेतो, आणि घरच्यांच्या किंवा समाजाच्या चालीरीतींशी पटत नाही एवढ्यावरून कुणाला मनोरुग्ण ठरवता येणार नाही, असं स्पष्ट सांगतो. पती गेल्यावर चार दिवस त्यांची हाक ऐकू येणं, जत्रेत अंगात येणं, याला डॉक्टर लगेच आजार म्हणत नाहीत. संस्कृती आवाजाला रूपही देते. मानववंशशास्त्रज्ञ तान्या लुहरमन यांनी कॅलिफोर्निया, घानातलं आक्रा आणि चेन्नई इथल्या रुग्णांशी बोलून पाहिलं, तर चेन्नईतल्या अनेकांना नातेवाइकांचे आवाज येत, घरकामाच्या सूचना देणारे.

करणी-भानामतीच्या नावाने माणसाला साखळीने बांधणं, मारणं, मिरचीची धुरी देणं हा महाराष्ट्रात २०१३ पासून गुन्हा आहे. तरीही लोकलच्या डब्यात खात्रीने बाधा उतरवून देणाऱ्या बाबांची पत्रकं अजून चिकटलेली दिसतात. त्या फोन नंबरवर गेलेला प्रत्येक महिना उपचाराविना जातो, आणि उपचार जितका लांबतो तितकं सावरणं अवघड होतं. १४४१६ हा टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा सरकारी नंबर फुकट आहे आणि त्यावर मराठीत बोलता येतं. तोच द्या.

काकूंबरोबर ओपीडीत मीही गेलो. डॉक्टरांनी फिल्म दिव्यासमोर धरली, पाहिली, पाकिटात परत घातली, आणि मुलाकडे खुर्ची वळवली. आवाज डोक्यात येतो की बाहेरून? एकाचा की अनेकांचा? तुझ्याशी बोलतात की तुझ्याबद्दल आपसात? तू जो विचार करतोस तोच कुणी मोठ्याने म्हणतं का? मी ऐकत होतो, आणि प्रत्येक प्रश्न त्या न पोचलेल्या प्रतीच्या मागावर निघालेला मला दिसत होता. मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "तुम्ही विचारताय ते मी मनात परत म्हणतो ना, ते बाहेर कुणीतरी बाई म्हणते. खिडकीखालून."

"कधीपासून?" हा प्रश्न काकूंना होता. त्यांना नेमकं सांगता येईना. मग त्यांना आठवलं, आणि दुसऱ्या खेपेला त्या भिंतीवरचं कालनिर्णय घेऊनच आल्या. दुधाचे खाडे त्या तारखांच्या चौकोनांत लिहितात, त्याच शाईत, त्याच बारीक अक्षरात मधेमधे लिहिलेलं होतं: 'जेवला नाही'. 'कामाला गेला नाही'. 'रात्रभर दिवा'. पहिली नोंद माघातली होती. डॉक्टरांनी एकेक पान उलटत शेजारच्या कागदावर तारखा उतरवून घेतल्या. माघ ते श्रावण. सात पानांच्या झेरॉक्स केसपेपरला लावल्या आणि त्याच दिवशी गोळ्या सुरू झाल्या.