बाल्टिक हवाई गस्त

बाल्टिक हवाई गस्त : एस्टोनिया, लात्व्हिया व लिथुएनिया या तीन देशांच्या आकाशावर नाटो या लष्करी आघाडीच्या इतर सदस्यांनी आळीपाळीने ठेवलेला पहारा. तिन्ही देशांकडे स्वतःचे एकही लढाऊ जेट विमान नाही. मिळून सुमारे पावणेदोन लाख चौ. किमी. क्षेत्र, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून थोडे अधिक, आणि लोकसंख्या जेमतेम साठ लाख. एवढ्या बळावर लढाऊ विमाने, वैमानिक, तंत्रज्ञ आणि सुटे भाग यांचा गाडा ओढणे परवडणारे नव्हते. पैसा पायदळ, तोफा व राखीव दलांवर घालायचा आणि आकाश मित्रांवर सोपवायचे, अशी ही जाणूनबुजून केलेली वाटणी आहे.

मार्च २००४ मध्ये तिन्ही देश नाटोत दाखल झाले आणि लगेच बेल्जियमची चार एफ-१६ विमाने लिथुएनियातील शौलेईच्या तळावर पहाऱ्याला उभी राहिली. हा तळ मुळात सोव्हिएत हवाई दलाचा. तुकड्या साधारण चार महिन्यांनी बदलतात. यजमान देश धावपट्टी, राहण्याची व्यवस्था व तळावरील सेवा पुरवतात. विमाने आणि वैमानिक पाहुण्यांचे. उड्डाणाचा हुकूम मात्र जर्मनीतील ऊडेम येथील नाटोच्या केंद्रातून सुटतो. म्हणजे लिथुएनियाच्या आकाशात काही दिसले, तर हुकूम जर्मनीतून आणि उड्डाण कदाचित पोर्तुगीज वैमानिकाचे!

रोजचे काम बव्हंशी ओळख पटवण्याचे असते. रशियाची मुख्य भूमी आणि पोलंड व लिथुएनिया यांच्यामध्ये असलेला, तिच्यापासून तुटलेला रशियाचाच कॅलिनिनग्राड प्रांत यांच्यामध्ये बाल्टिक समुद्रावरून रशियन लष्करी विमाने ये-जा करतात. पुष्कळदा त्यांचा ट्रान्सपाँडर (विमानाची ओळख रडारला कळवणारे उपकरण) बंद असतो, उड्डाणाचा आराखडाही दिलेला नसतो. अशा वेळी जवळ जाऊन पाहायचे, काही अंतर सोबत करायची आणि परतायचे. सप्टेंबर २००५ मध्ये एक रशियन सुखोई-२७ वाट चुकून लिथुएनियात कोसळले. नाशिकजवळ ओझरला जुळवल्या जाणाऱ्या सुखोई-३० च्या कुळातलेच हे विमान. चूक पाहुण्यांकडूनही होते. ऑगस्ट २०१८ मध्ये सरावात असलेल्या स्पॅनिश युरोफायटरमधून एस्टोनियावर एक क्षेपणास्त्र नजरचुकीने सुटले.

२०१४ मध्ये रशियाने युक्रेनचा क्रिमिया घेतल्यावर विमानांची संख्या वाढली आणि एस्टोनियातील एमारी हा दुसरा तळ सुरू झाला. एमारीची धावपट्टी दुरुस्तीला काढली तेव्हा, २०२४ मध्ये, लात्व्हियातील लिएलवार्दे येथे काही काळ तुकडी हलवली गेली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी तीन रशियन मिग-३१ विमाने एस्टोनियाच्या हद्दीत सुमारे १२ मिनिटे होती. त्यांना सामोरी गेली ती इटलीची एफ-३५ विमाने. त्यानंतर एस्टोनियाने नाटो कराराच्या चौथ्या कलमाखाली सल्लामसलतीची मागणी केली.

गस्त म्हणजे संरक्षण नव्हे, हे बाल्टिक राजधान्या वर्षानुवर्षे सांगत आल्या आहेत. शांततेत हद्द ओलांडणाऱ्याला ओळखायला मूठभर विमाने पुरतात. क्षेपणास्त्रांचा मारा रोखायला ती पुरेशी नाहीत. २०२३ च्या व्हिल्नियस शिखर परिषदेत जमिनीवरून डागायच्या हवाई संरक्षण यंत्रणाही आळीपाळीने तैनात करण्याचे ठरले. तथापि क्षेपणास्त्रे पाडणाऱ्या अमेरिकी पॅट्रियटसारख्या यंत्रणा युरोपातच मोजक्या आणि त्यांतल्या काही युक्रेनला गेलेल्या. त्यामुळे ही पाळी गस्तीइतकी नियमित बसलेली नाही. दरम्यान लिथुएनियाने नॉर्वेची नॅसॅम्स यंत्रणा घेतली, तर एस्टोनिया व लात्व्हिया यांनी मिळून जर्मन आयरिस-टी मागवली.

ही व्यवस्था तीन देशांपुरतीच नाही. आइसलँडला तर सैन्यच नाही. तेथेही मित्रदेशांची लढाऊ विमाने अधूनमधून मुक्कामाला असतात. स्लोव्हेनियाचे आकाश इटली व हंगेरी सांभाळतात.