वॉटरजेटला धातू कापायला इतका उशीर का लागला

फॅब्रिकेशनच्या धंद्यात वॉटरजेट कटिंगचं, म्हणजे प्रचंड दाबाच्या पाण्याच्या झोताने कापण्याच्या कामाचं, कोटेशन मागवणं आता नवलाचं राहिलेलं नाही. डीएक्सएफ फाइल (भागाचं कॉम्प्युटर ड्रॉइंग) पाठवा, प्लेटची जाडी आणि ग्रेड सांगा, काठ किती साफ हवा ते सांगा; जॉब वर्कवाला मशीनच्या वेळेचा हिशेब करून दर कळवतो. ५० मिलिमीटर जाडीची एसएस (स्टेनलेस स्टील) प्लेट असो, टायटॅनियम असो की कार्बन फायबरचा पॅनेल, तो ‘होईल’ म्हणतो. हे ‘होईल’ १९७०च्या दशकात जगातल्या कुठल्याच वर्कशॉपला सहज म्हणता आलं नसतं. त्यासाठी लागणारा पाण्याचा दाब मात्र त्याच्या कितीतरी आधी माणसाच्या हाती आला होता. मग घोडं कुठे पेंड खात होतं?

या तंत्राचा इतिहास सांगताना बहुतेक जण कॅलिफोर्नियातल्या सोन्याच्या शोधापासून सुरुवात करतात. १८५३ मध्ये नेवाडा सिटीजवळ एडवर्ड मॅटिसनने होजपाइपमधून पाण्याचा झोत सोडून टेकडीची माती धुऊन काढायला सुरुवात केली आणि पुढची तीस वर्षं तिथले डोंगरच्या डोंगर वाहून गेले. नद्या गाळाने भरल्या, खालच्या बाजूची शेतं बुडाली, आणि १८८४ मध्ये कोर्टाने तो गाळ नद्यांत सोडायला मनाई केली. प्रकरण मोठं आहे, पण त्याचं वॉटरजेटशी नातं मला ओढूनताणून लावलेलं वाटतं. तिथे पाणी माती धूत होतं, काही कापत नव्हतं. १९३३ मध्ये अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या एका कंपनीने सरकत जाणारा कागद पाण्याच्या झोताने आडवा कापणारं मशीन केलं, तो पूर्वज जास्त जवळचा. तरी दाब कमी होता आणि काम कागदापुरतं होतं.

खऱ्या अर्थाने जमीन तयार केली ती कोळशाच्या आणि दगडाच्या खाणींवर काम करणाऱ्यांनी. ब्रिटनमध्ये लीच आणि वॉकर या दोघांनी १९६०च्या दशकात नोझलच्या आतल्या आकाराचा बारकाईने अभ्यास केला. सुमारे १३ अंशांनी निमुळती होत जाणारी वाट आणि तिच्या टोकाला थोडीशी सरळ नळी, असा आकार ठेवला की झोत लांबपर्यंत फुटत नाही, हे त्यांनी दाखवलं. १९७२ मध्ये इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीला ‘जेट कटिंग’ या विषयावरची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली.

खडकाच्या बाबतीत नुसतं पाणी किती मजल मारू शकतं, हे अमेरिकेत मिसुरी राज्यातल्या रोला इथे जाऊन पाहता येतं. मूळचे इंग्लंडचे असलेले खाण अभियंता डेव्हिड समर्स यांनी तिथल्या विद्यापीठात १९८४ मध्ये सुमारे १६० टन ग्रॅनाइट पाण्याने कापून स्टोनहेंजची निम्म्या मापाची प्रतिकृती उभी केली. झोतात वाळू नाही, खडी नाही, फक्त पाणी. ग्रॅनाइटमध्ये स्फटिकांच्या सांध्यांना केसाएवढ्या भेगा असतात. पाणी त्यांत घुसतं आणि आतून दाब देऊन एकेक कण सुटा करतं.

पोलादाला अशी फट नसते. दगड कापणाऱ्या पाण्याला त्यात शिरायला वाटच मिळत नाही, आणि धातूच्या बाबतीत खरी अडचण हीच होती. ती दाब वाढवून सुटेल, असं पहिल्या पिढीला वाटलं. १९५८ मध्ये नॉर्थ अमेरिकन एव्हिएशन या विमान कंपनीतल्या बिली श्वाचा यांनी १,००,००० पीएसआय, म्हणजे जवळजवळ ६,९०० बार (एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतीच्या हवेचा दाब) इतक्या दाबाने कठीण धातू कापायची पद्धत मांडली. कंपनीपुढे तेव्हा एक्सबी-७० वाल्किरी या आवाजाच्या तिप्पट वेगाने उडणाऱ्या बॉम्बर विमानाचं काम होतं. त्याचे पॅनेल स्टेनलेस स्टीलच्या मधमाशीच्या पोळ्यासारख्या गाभ्याचे, आणि गॅस कटिंगच्या उष्णतेने अशा पॅनेलचं काय होतं हे फॅब्रिकेटरला वेगळं सांगायला नको. कल्पना बरोबर होती. पण एवढा दाब तासन्‌तास टिकवून धरणारा पंप नव्हता, आणि नुसत्या पाण्याने जाड धातू कापायचा म्हणजे वेग इतका मंद, की उत्पादनात त्याचा उपयोग शून्य.

त्याच सुमाराला एक अगदी वेगळा माणूस याच वाटेवर आला. नॉर्मन फ्रान्झ हे मिशिगन विद्यापीठातले लाकडाचे अभियंता. करवतीने ओंडका चिरताना केवढं तरी लाकूड भुश्श्यात जातं, ते वाचवायचं म्हणून त्यांना पातळ धारेची करवत हवी होती. सुरुवातीच्या प्रयोगांत ते पाण्याच्या स्तंभावर जड वजन आदळून बारीक छिद्रातून पाणी बाहेर फेकत. दाब क्षणभरच मिळायचा, पण आज कारखान्यांत वापरतात त्याच्याही वर जायचा, आणि लाकूड कापलं जायचं. सलग धार मिळवायला गेलं की पंपाचे भाग काही मिनिटांत निकामी होत. पाण्यात लांब साखळीचे पॉलिमर मिसळले तर धार विस्कटत नाही, हाही त्यांचाच शोध. वॉटरजेटचे जनक म्हणून त्यांचं नाव घेतात. लाकूड कापण्याच्या धंद्यात मात्र वॉटरजेट आजही जवळपास नाहीच.

फ्रान्झ यांची कल्पना बाजारात आली ती एका अनपेक्षित दारातून. पॉलिथिन तयार करताना रसायन प्रचंड दाबाखाली असलेल्या भांड्यात सोडावं लागतं. त्यासाठीचे अतिउच्च दाबाचे पंप कॅन्सस राज्यातल्या बॅक्स्टर स्प्रिंग्ज गावची मॅककार्टनी ही कंपनी बनवत होती. तेच तंत्र कटिंगला लावून या कंपनीने १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला ऑल्टन बॉक्सबोर्ड या कारखान्यात पहिलं व्यापारी वॉटरजेट मशीन बसवलं. कापायचं काय, तर कागदाच्या जाड थरांच्या नळ्या.

या पंपाला इंटेन्सिफायर म्हणतात. एका बाजूला मोठा पिस्टन, त्यावर साध्या हायड्रॉलिक तेलाचा दाब, समजा २०० बार. दुसऱ्या बाजूला त्याच दांड्यावर वीसपट लहान क्षेत्रफळाचा प्लंजर. तेलाचे २०० बार पाण्याकडे ४,००० बार होऊन निघतात. तत्त्व शाळेत शिकवतात तेच, पण ते चालवणं सोपं नाही. एवढ्या दाबाला पाणीही दबतं, त्याचं आकारमान दहा टक्क्यांहून जास्त घटतं. सील फाटतात, जाड पोलादी सिलिंडरला दाबाच्या चढउताराने तडे जातात. हार्वर्डच्या पर्सी ब्रिजमन यांनी उच्च दाबावरच्या कामासाठी १९४६ चं नोबेल मिळवलं. दाब वाढेल तसं आपोआप अधिक घट्ट बसणारं पॅकिंग ही त्यांची युक्ती नसती, तर हे पंप झाले असते का, याची मला शंका आहे. सिएटलजवळच्या केंट इथल्या फ्लो या कंपनीत जॉन ओल्सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सत्तरच्या दशकात हे पंप कारखान्यात रोज चालतील इतके भरवशाचे केले. छिद्रासाठी नीलम आला, पुढे माणिक आणि हिराही. वॉटरजेट डायपर, फोम, पुठ्ठा, गोठवलेलं अन्न कापू लागलं. धातू अजून लांबच होता.

तो जवळ आणला मोहम्मद हशीश यांनी. मूळचे इजिप्तचे हशीश १९७९ मध्ये फ्लोमध्ये या प्रश्नावर काम करू लागले आणि त्यांनी दाब वाढवायचा नाद सोडला. वाळूचा झोत मारून कठीण पृष्ठभाग खरवडण्याचं सँडब्लास्टिंग १८७० पासून पेटंटसह चालू होतंच. त्यातली खरवडणारी वाळू आणि वॉटरजेटचा वेग एकत्र आणले तर? रचना अशी ठरली: ४,००० बारचं पाणी ०.३ मिलिमीटरच्या आसपासच्या छिद्रातून सेकंदाला ८०० मीटरहून जास्त वेगाने एका छोट्या कोठीत शिरतं. त्या वेगाने कोठीत निर्वात तयार होतो आणि बाजूच्या नळीतून कोरडी बारीक खडी आपोआप ओढली जाते. खाली सुमारे एक मिलिमीटर आतल्या व्यासाची, बोटाएवढ्या लांबीची मिक्सिंग ट्यूब असते. तिच्यात पाणी आपला वेग खडीच्या कणांना देतं. बाहेर पडतो तो खडीचा झोत. पाणी हे त्याचं वाहन. पत्र्याला पाणी कापतच नाही, हजारो कण त्याला घासून खातात. १९८०च्या आसपास हे जमलं, १९८२ मध्ये पेटंटसाठी अर्ज झाला आणि ते १९८७ मध्ये मिळालं. पहिलं व्यापारी काम १९८३ मध्ये मोटारींच्या काचा कापण्याचं होतं. त्यानंतर विमान उद्योग धावत आला: टायटॅनियम, इन्कोनेल (निकेलचा मिश्रधातू), कार्बन फायबर, सगळी उष्णतेला नाजूक आणि कटरला महाग पडणारी मंडळी.

इथे बरेच जण गोष्ट संपवतात. माझ्या मते ‘प्रिसिजन’ हा शब्द कोटेशनमध्ये यायला अजून दहा-पंधरा वर्षं होती, आणि तो उशीर दोन क्षुल्लक वाटणाऱ्या गोष्टींनी केला.

पहिली गोष्ट मिक्सिंग ट्यूब. जी खडी पोलाद खाते ती नळीलाही खाणारच. सुरुवातीच्या साध्या टंगस्टन कार्बाइडच्या नळ्या दोन-चार तासांत आतून रुंद होत. नळी रुंदावली की झोत रुंदावतो, कापाची रुंदी बदलते, आणि सकाळी कापलेला भाग दुपारी कापलेल्या भागाशी जुळत नाही. शिफ्टमध्ये दोनदा नळी बदलून जॉब वर्क कसं करणार? १९९०च्या सुमारास बाइंडरविना (कण जोडणाऱ्या धातूविना) घट्ट दाबून केलेल्या नव्या मिश्र कार्बाइडच्या नळ्या आल्या. त्या पन्नास, शंभर तास टिकू लागल्या आणि झिजल्या तरी गोल राहून हळूहळू झिजू लागल्या. किती तासांनी किती रुंदी वाढेल हे माहीत असलं, की कंट्रोलरमध्ये तेवढी भरपाई टाकता येते.

दुसरी गोष्ट गणिताची. झोत हे ताठ हत्यार नाही. मशीनचं डोकं पुढे सरकतं तेव्हा झोताचं खालचं टोक मागे रेंगाळतं. सरळ रेषेत याने फक्त काठावर तिरप्या रेघा उमटतात. कोपऱ्यावर मात्र डोकं वळतं आणि खालचं टोक अजून जुन्याच दिशेला कापत असतं, त्यामुळे प्लेटच्या खालच्या बाजूला खाच पडते. म्हणून कोपरा येण्याआधी वेग कमी करायचा, वळल्यावर पुन्हा वाढवायचा, लहान वर्तुळावर आणखी कमी ठेवायचा. जुन्या मशीनवर ऑपरेटर हे सगळं अंदाजाने फीड, म्हणजे डोक्याचा सरकण्याचा वेग, लिहून करत असे. बरोबर फीड सापडेपर्यंत दोन-तीन महागडे तुकडे भंगारात.

ऱ्होड आयलंड विद्यापीठातल्या झेंग आणि किम यांनी प्रत्येक धातूला ‘किती सहज कापला जातो’ याचा एक आकडा देऊन दाब, खडी, जाडी आणि वेग यांचं नातं सूत्रात बांधलं. फ्लोमध्ये पंप घडवणारे जॉन ओल्सेन यांनी १९९३ मध्ये जॉन चेउंग यांच्यासोबत ओमॅक्स ही कंपनी काढली आणि साध्या पीसीवर चालणारा कंट्रोलर आणला. तो डोकं हलण्याआधी सबंध वाटेवरच्या हजारो बिंदूंचा वेग काढून ठेवतो. ग्राहकाने ड्रॉइंग द्यायचं, धातू आणि जाडी निवडायची, काठाची प्रत एक ते पाचमध्ये सांगायची. बाकी सॉफ्टवेअर बघतं. माझ्या लेखी जॉब वर्कचा धंदा इथे सुरू झाला. पंप बनवणारे आधीही होते. पण डॉक्टरेट नसलेल्या ऑपरेटरला पहिलाच तुकडा बरोबर काढता येऊ लागला तो यानंतर. २००० नंतर कापाचा उतार मोजून तेवढंच डोकं तिरकं करणारी मशीन आली. काठाच्या उताराची तक्रार बरीचशी मिटली आणि साध्या कामात एक दशांश मिलिमीटरच्या आसपासची, सावकाश कापलं तर त्याहून कमी चूक ठेवणं शक्य झालं.

भारताचा या इतिहासात दोन बाजूंनी संबंध येतो. एक संशोधनाचा, आयआयटी मद्रासमध्ये प्रा. एन. रमेश बाबू यांच्या गटाने या विषयावर वर्षानुवर्षं काम केलं. दुसरा संबंध खडीचा, आणि धंद्याच्या दृष्टीने तोच मोठा. ही खडी म्हणजे गार्नेट हे कठीण खनिज, त्यातही अल्मंडाइन जातीचं. धातू कापण्याइतकं कठीण, पण ॲल्युमिनासारखं नळी फस्त करणारं नाही. साध्या वाळूत मोकळी सिलिका असते आणि तिच्या धुळीने फुप्फुसं जातात. गार्नेटमध्ये तो धोका फारसा नाही. न्यूयॉर्क राज्यातल्या डोंगरांत बार्टन कुटुंब १८७८ पासून सँडपेपरसाठी ते खणत होतं. वॉटरजेटला मात्र दर मिनिटाला ३०० ते ५०० ग्रॅम लागतं, तासाला वीस-तीस किलो. चालवण्याच्या खर्चातला सगळ्यात मोठा वाटा वीज किंवा पाणी नेत नाही, गार्नेट नेतं.

जगाला ते पुरवणाऱ्या मोठ्या ठिकाणांपैकी एक ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा, दुसरं होतं तमिळनाडूतला तिरुनेलवेली, तूत्तुक्कुडी, कन्याकुमारीचा पट्टा. त्या समुद्री वाळूत गार्नेट आणि इल्मेनाइटसोबत मोनाझाइट असतं, आणि मोनाझाइटमध्ये थोरियम, म्हणजे अणुइंधनासाठी उपयोगी पडू शकणारा धातू. बेकायदा उत्खननाच्या तक्रारींनंतर तमिळनाडू सरकारने २०१३ मध्ये या वाळूच्या खाणकामावर बंदी आणली; २०१८ मध्ये केंद्राने अशा खनिजांची निर्यात फक्त आयआरईएल या सरकारी कंपनीमार्फत करायचं ठरवलं. भारतीय गार्नेटवर अवलंबून असलेल्या परदेशी वर्कशॉपना त्या काळात माल मिळेना आणि दर चढले. पाण्याने कापायच्या धंद्याची नाडी अशी अणुऊर्जेच्या धोरणाशी जोडली गेली होती, हे मला तरी आधी लक्षात आलं नव्हतं.

स्पर्धा आता फायबर लेझरची आहे. लेझरने पत्रा कापायची सुरुवात १९६७ मध्ये ब्रिटनमध्ये पीटर हूल्डक्रॉफ्ट यांनी ऑक्सिजनची जोड देऊन केली होती. फायबर लेझरने गेल्या दीड दशकात पातळ आणि मध्यम जाडीच्या एमएस (साधं पोलाद) आणि एसएसचं काम जवळपास पूर्ण खेचून घेतलं. भोसरी-चाकणच्या पट्ट्यात दोन-तीन मिलिमीटरच्या ब्रॅकेटसाठी आज वॉटरजेटकडे जाणारा माणूस पैसे वाया घालवतोय, असं मी म्हणेन. वॉटरजेटकडे उरलं ते जाड तांबं आणि ॲल्युमिनियम, हार्डनिंग झालेलं टूल स्टील, टायटॅनियम, रबर चिकटवलेल्या प्लेटा, दगडी इनले, आणि कापल्यानंतर काठाची कठिणता बदललेली चालणार नाही असा प्रत्येक भाग. १०० मिलिमीटरच्या एसएसमध्ये डोकं मिनिटाला एक-दोन सेंटिमीटर सरकतं, तेव्हा कोटेशनमध्ये मशीनचे तास इतके का लावलेत हे विचारणाऱ्या ग्राहकाला बहुतेक वॉटरजेटवाले लेझरवाल्याचा नंबर देऊन मोकळे होतात. काठ गरम झालेला चालणार नसेल तर तो ग्राहक परत येतो.