स्कोक्लॉस्टर राजवाडा

स्कोक्लॉस्टर : स्वीडनमधील सतराव्या शतकातील राजवाडा. स्टॉकहोम व उप्साला यांच्या दरम्यान, मेलारेन सरोवराच्या काठी. नावातील ‘क्लॉस्टर’ म्हणजे मठ. येथे पूर्वी सिस्टर्सियन या ख्रिस्ती पंथाच्या जोगिणींचा मठ होता. सोळाव्या शतकातील ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर त्याच्या जमिनी राजाच्या ताब्यात गेल्या. मठाचे विटांचे चर्च मात्र राजवाड्याशेजारी अजून उभे आहे.

१६११ मध्ये ही मिळकत सेनानी हेर्मान व्रांगेल याच्याकडे आली. त्याचा मुलगा कार्ल गुस्ताव्ह याचा जन्म १६१३ मध्ये इथलाच. तीस वर्षांच्या युद्धात तो स्वीडिश सैन्याचा सरसेनापती झाला. अमाप पैसा व मानमरातब मिळवल्यावर त्याने १६५४ मध्ये चार कोपऱ्यांना चार बुरूज असलेला हा पांढरा वाडा बांधायला घेतला. मालक मात्र तिथे क्वचितच राही. १६७६ मध्ये तो वारला आणि काम जिथल्या तिथे थांबले. मोठ्या मेजवानी दालनाच्या भिंतींना आजही गिलावा नाही, छत अर्धवट आहे, कारागिरांची अवजारे तशीच ठेवलेली दिसतात. वारसांनी ते दालन पुरे केले नाही, हे आजच्या अभ्यासकांचे भाग्यच म्हणायचे.

वाडा मुलगी मार्गारेता युलियाना हिच्यामार्फत ब्राहे या सरदार घराण्यात गेला. पुढे मिळकतीला ‘फिडेइकोमिस’चा दर्जा मिळाला. म्हणजे ती वाटायची नाही, विकायची नाही. एकाच वारसाने सांभाळायची. घरावर संकटे आली नाहीत असे नाही. राजाची सत्ता वाढवण्याचा कट फसल्यावर एरिक ब्राहे याचा १७५६ मध्ये शिरच्छेद झाला. तरी वाडा घराण्यातच राहिला आणि शस्त्रे, पुस्तके, चित्रे यांची पांगापांग झाली नाही. इटालियन चित्रकार आर्चिंबोल्दोने नाकाच्या जागी नासपती व केसांच्या जागी द्राक्षे रंगवून केलेले सम्राट दुसऱ्या रुडॉल्फचे चित्र इथेच आहे. ते १६४८ मध्ये प्रागच्या लुटीत स्वीडनच्या हाती लागलेले.

१९३० मध्ये शेवटचा ब्राहे वारल्यावर वाडा नात्यातील फॉन एसेन कुटुंबाकडे गेला. फिडेइकोमिस मोडीत काढणारा कायदा १९६३ मध्ये झाला आणि १९६७ मध्ये स्वीडिश सरकारने वाडा विकत घेतला. तीन शतके वारशानेच हात बदलणाऱ्या या वास्तूची ही पहिली विक्री. आता येथे सरकारी संग्रहालय आहे.