लसीची वर्धक मात्रा
लसीची प्राथमिक मालिका पूर्ण झाल्यानंतर काही महिन्यांनी किंवा वर्षांनी, ओसरत चाललेली प्रतिकारशक्ती पुन्हा वाढवण्यासाठी त्याच रोगावरील लसीचा जो डोस दिला जातो त्याला वर्धक मात्रा म्हणतात. बोलण्यात तिला बूस्टर डोस किंवा नुसते बूस्टर म्हटले जाते. पुन्हा टोचलेली प्रत्येक लस मात्र या अर्थाने वर्धक नसते. गोवराच्या लसीचा दुसरा डोस हा मुख्यतः पहिल्या डोसाला ज्यांच्या शरीराने प्रतिसाद दिला नाही अशा थोड्या मुलांसाठी असतो, आणि ती मुले कोणती हे ओळखत बसण्यापेक्षा तो सर्वांनाच देणे सोपे पडते. इन्फ्ल्युएन्झाची लस दरवर्षी घ्यावी लागते त्यामागे प्रतिकारशक्ती ओसरण्याइतकेच विषाणूचे सतत बदलणारे रूपही कारणीभूत असते.

एकदा लस घेतली की जन्मभराची काळजी मिटली, अशी एडवर्ड जेन्नर यांची १७९६ मधील प्रयोगानंतर धारणा होती. पुढील काही दशकांत लस टोचलेल्या व्यक्तींना प्रौढपणी देवी येऊ लागल्या, तेव्हा ही धारणा सोडावी लागली आणि पुनर्लसीकरणाची पद्धत सुरू झाली. जर्मनीच्या १८७४ च्या कायद्याने देवीची लस बालपणी आणि पुन्हा बाराव्या वर्षी टोचणे सक्तीचे केले. याउलट, शरीराची स्मृती किती दीर्घ टिकू शकते याचा उत्तम दाखला पीटर पानुम या डॅनिश वैद्याने नोंदवला: १८४६ मध्ये फॅरो बेटांवर गोवराची साथ आली असता १७८१ च्या साथीत गोवर येऊन गेलेल्या वृद्धांना तो पुन्हा झाला नाही. वर्धक मात्रेला प्रायोगिक आधार मिळाला तो १९२१ मध्ये. अलेक्झांडर ग्लेनी आणि त्यांच्या सहकाऱ्याने घटसर्पाच्या प्रतिजनावर (शरीराला परका वाटून प्रतिकार चेतवणाऱ्या पदार्थावर) काम करताना दाखवून दिले, की पहिल्या टोचणीनंतर प्राण्यांच्या रक्तात प्रतिपिंडे (प्रतिजनाला चिकटून त्याला निष्प्रभ करणारी प्रथिने) सावकाश व थोडी तयार होतात, तर दुसरीनंतर ती झपाट्याने व कितीतरी अधिक प्रमाणात तयार होतात.

या फरकाचे मूळ स्मृतिपेशींत आहे. पहिल्या डोसानंतर प्रतिपिंडे दिसू लागण्यास साधारण एक ते दोन आठवडे लागतात आणि पुढे त्यांची पातळी उतरत जाते. पण त्या प्रतिजनाची ओळख पटलेल्या काही बी पेशी (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पांढऱ्या पेशी) व टी पेशी (त्यांना मदत करणाऱ्या पांढऱ्या पेशी) शरीरात टिकून राहतात. दरम्यानच्या महिन्यांत लसीका ग्रंथींमध्ये बी पेशींची निवड चालू असते आणि प्रतिजनाला अधिक घट्ट चिकटणारी प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशी मागे उरतात. वर्धक मात्रा मिळताच याच पेशी काही दिवसांत वेगाने विभागू लागतात. म्हणून दोन डोसांमधील अंतर हा वर्धक मात्रेचा गाभाच आहे. घाई केल्यास ही निवड अपुरी राहते, शिवाय रक्तात अजून भरपूर असलेली प्रतिपिंडे नव्याने टोचलेला प्रतिजन परस्पर निकामी करू शकतात. केवळ शर्करा-बहुवारिकांपासून, म्हणजे जंतूच्या आवरणातील शर्करेच्या लांब साखळ्यांपासून, बनवलेल्या लसी टी पेशींची मदत मिळवू शकत नाहीत आणि त्यांची स्मृती जवळजवळ तयार होत नाही. अशा बहुवारिकाला एखाद्या प्रथिनाची जोड दिलेल्या संयुग्मित लसींत ही उणीव राहत नाही.

स्मृती शिल्लक असेल तर वर्धक मात्रा हवीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे, आणि त्याचे उत्तर रोगागणिक बदलते. हिपॅटायटिस बी या रोगाचा अधिशयन काल (संसर्ग झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा काळ) एक ते सहा महिन्यांचा असल्यामुळे रक्तातील प्रतिपिंडे मोजण्यापलीकडे घटली तरी स्मृतिपेशींना जागे होण्यास पुरेशी सवड मिळते. परिणामी प्राथमिक मालिकेला योग्य प्रतिसाद दिलेल्या निरोगी व्यक्तींना त्याची वर्धक मात्रा सहसा सुचवली जात नाही. घटसर्प व धनुर्वात यांत इतकी सवड नसते. तेथे जंतूंचे विष अल्प काळात कार्य करते, त्यामुळे विष निष्प्रभ करणारी प्रतिपिंडे रक्तात आधीपासून हजर असावी लागतात. धनुर्वात होऊन बरा झालेला रुग्णही सुरक्षित नसतो, कारण रोग घडवण्यास पुरणारे विष इतके सूक्ष्म असते की प्रतिकारशक्ती चेतवण्यास ते अपुरे ठरते.

जागतिक आरोग्य संघटना धनुर्वातासाठी बालपणीच्या तीन प्राथमिक डोसांनंतर दुसऱ्या वर्षी, ४ ते ७ वर्षांच्या वयात आणि ९ ते १५ वर्षांच्या वयात अशा तीन वर्धक मात्रा सुचवते. काही देश त्यापुढेही दर १० वर्षांनी एक देतात. डांग्या खोकल्याच्या अपेशीय (अख्ख्या जंतूऐवजी त्याचे निवडक घटक वापरलेल्या) लसीचे संरक्षण तुलनेने लवकर ओसरते. या लसीचा डोस अनेक देशांत प्रत्येक गरोदरपणात दिला जातो, पण त्याचा हेतू आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे पोहोचवणे हा असतो. पीतज्वराच्या बाबतीत उलट घडले. पूर्वी दर १० वर्षांनी पुन्हा टोचून घ्यावी लागणारी ही लस बहुतेकांना एकदाच पुरते असे दिसून आल्यावर ११ जुलै २०१६ पासून तिचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र आजीवन ग्राह्य धरले जाऊ लागले. अधिक डोस म्हणजे अधिक संरक्षण हा समज त्यामुळे टिकत नाही. धनुर्वाताची लस फार लवकर पुन्हा टोचल्यास काहींचा दंड खांद्यापासून कोपरापर्यंत सुजतो. रक्तात आधीच भरपूर असलेली प्रतिपिंडे नव्या प्रतिजनाशी जुळून ही दाहक प्रतिक्रिया उमटते.

दवाखान्यात डोस देण्यापूर्वी मागील डोसाची तारीख, त्या वेळी झालेला त्रास, ॲलर्जी, गरोदरपण आणि प्रतिकारशक्ती दबवणारी औषधे यांची विचारपूस केली जाते. साधी सर्दी अडसर ठरत नाही. तापासह मध्यम किंवा तीव्र आजार असल्यास डोस पुढे ढकलला जातो. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवाव्या लागतात. ॲल्युमिनियमचे क्षार असलेली लस एकदा गोठली की निकामी होते, मग ती वितळल्यावर वरवर ठीक दिसली तरी. अशी शंका असलेली कुपी हलवून ठेवली असता तिच्यातील गाळ चांगल्या कुपीपेक्षा लवकर तळाशी बसतो.

प्रौढांमध्ये बहुतेक वर्धक मात्रा दंडाच्या वरच्या भागातील डेल्टॉइड स्नायूत, सुई त्वचेशी काटकोनात धरून दिल्या जातात. बाही नीट वर न घेता सुई फार वर टोचली तर लस स्नायूऐवजी खांद्याच्या सांध्यालगत जाऊन दीर्घकाळ वेदना राहू शकतात, म्हणून खांदा पूर्ण उघडा करण्याचा आग्रह अनाठायी नसतो. एकाच दंडात दोन लसी द्यायच्या असल्यास त्यांत निदान अडीच सेंटिमीटर अंतर ठेवतात. त्यानंतर सुमारे १५ मिनिटे थांबवून घेतात. ॲनाफिलॅक्सिस ही अत्यंत विरळ पण जीवघेणी प्रतिक्रिया उमटल्यास मांडीच्या स्नायूत तातडीने ॲड्रेनॅलिन द्यावे लागते. किशोरवयीन मुलांना भोवळ येण्याचे प्रकार त्याहून पुष्कळ अधिक आढळतात. दंड दुखणे, अंग मोडून येणे व किंचित ताप ही लक्षणे सहसा दोन-तीन दिवसांत आपोआप जातात. ताप येऊ नये म्हणून आधीच पॅरासिटामॉल घेण्याची प्रथा मात्र सरसकट योग्य नाही. बाळांमध्ये काही लसींनंतरची प्रतिपिंडे त्यामुळे कमी आढळली आहेत.

या साऱ्या व्यवस्थेचा कच्चा दुवा सुईत नसून नोंदीत असतो. जखम घेऊन आलेल्या प्रौढाला धनुर्वाताचा मागील डोस कधी घेतला हे क्वचितच आठवते, आणि मळलेल्या किंवा खोल जखमेत तर शेवटच्या डोसाला पाच वर्षे उलटली आहेत की नाहीत यावरच अनेक देशांत निर्णय ठरतो. म्हणून लसीकरण पत्रिकेवर तारखेबरोबर लसीचे नाव, बॅच क्रमांक आणि टोचल्याची जागा लिहिली जाते. ठरलेली तारीख चुकल्यास बहुतेक लसींची मालिका पहिल्यापासून सुरू करावी लागत नाही, राहिलेला डोस मिळेल तेव्हा दिला जातो. आधीच्या डोसांचा कोणताही पुरावा नसल्यास मात्र ती व्यक्ती लस न घेतलेली समजून प्राथमिक मालिकाच दिली जाते.