फ्रेंच तटबंदीचे शब्द इंग्रजीत कसे आले

फ्रेंच लष्करी तटबंदीवरचा एखादा जुना ग्रंथ किंवा वेढ्याची दैनंदिनी इंग्रजीत आणायला बसलेल्या अनुवादकाला जवळजवळ प्रत्येक शब्दासाठी इंग्रजी प्रतिशब्द तयार सापडतो, आणि खरी अडचण तिथेच सुरू होते. हे शब्द इंग्रजीत एकदम आलेले नाहीत. नॉर्मन स्वारीपासून पहिल्या महायुद्धानंतरच्या काळापर्यंत ते निरनिराळ्या युद्धांबरोबर, निरनिराळ्या सैन्यांच्या तोंडून येत राहिले, आणि एकदा आल्यावर त्यांचे अर्थ फ्रेंचमधल्या मूळ अर्थांपासून स्वतंत्रपणे सरकत गेले. म्हणून कोणताही प्रतिशब्द वापरण्याआधी मूळ मजकूर कोणत्या शतकातला आहे, हे विचारावे लागते.

सर्वांत जुना थर 1066 नंतरचा आहे. नॉर्मन सरदारांनी इंग्लंडमध्ये गढ्या उभारल्या आणि गढीतल्या मुख्य मनोऱ्यासाठी ‘दोंजों’ हा आपला शब्द तिथे नेला. त्याच शब्दापासून इंग्रजीत ‘डन्जन’ तयार झाला. पण तो हळूहळू उंच मनोऱ्यावरून खाली उतरून तळघरातल्या अंधारकोठडीला चिकटला, आणि मनोऱ्यासाठी इंग्रजीत ‘कीप’ हा वेगळा शब्द रूढ झाला. ‘मोट’चा प्रवासही असाच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ मातीचा उंचवटा असा होता. इंग्रजीत मात्र त्याचे ‘मोट’ म्हणजे पाण्याने भरलेला खंदक झाले. उंचवट्याचा खड्डा झाला, कारण माती जिथून खणायची आणि जिथे टाकायची त्या दोन्ही जागा एकाच कामाच्या दोन बाजू होत्या.

पंधराव्या शतकात तोफांचा जोर वाढला तशी तटाबाहेर मातीलाकडाची नवी बांधकामे उभी राहू लागली. फ्रेंच त्यांना ‘बुलव्हार’ म्हणत. हा शब्द मध्यकालीन डचमधून आलेला असून इंग्रजीतला ‘बुलवर्क’ त्याचाच सख्खा भाऊ आहे. 1429 मध्ये ऑर्लेआँच्या वेढ्यात जोन ऑफ आर्कच्या सैन्याने तुरेल या पुलावरच्या ठाण्यापुढचे असेच एक बुलव्हार काबीज केले. त्या प्रसंगाच्या इंग्रजी अनुवादात हा शब्द तसाच ठेवला, तर आजच्या वाचकाच्या डोळ्यांपुढे दुतर्फा झाडे लावलेला रुंद रस्ता उभा राहतो. जुने तट पाडून त्यांच्या जागी रस्ते केले गेले तेव्हा नाव मात्र टिकून राहिले, आणि तेच आता अनुवादकाच्या आड येते.

पारिभाषिक शब्दांचा मोठा लोंढा मात्र पुढच्या शतकात आला. 1494 मध्ये फ्रान्सचा राजा आठवा शार्ल हलक्या, गाड्यांवरून नेता येणाऱ्या कांशाच्या तोफा घेऊन इटलीत उतरला आणि उंच, पातळ मध्ययुगीन तट तोफेपुढे टिकत नाहीत हे उघड झाले. इटालियन स्थापत्यकारांनी मग बुटके आणि जाड तट व त्यांतून पुढे आलेले टोकदार बुरूज यांची रचना विकसित केली. तटाच्या पायथ्याचा कोणताही कोपरा शेजारच्या बुरुजावरच्या माऱ्यातून सुटू नये, हे तिचे मूळ तत्त्व होते. रचना इटलीची असल्याने तिचे शब्दही इटालियनच होते. फ्रेंचांनी ते आपल्या उच्चारात बसवले आणि इंग्रजांनी त्यांतले बहुतेक फ्रेंचांकडून उचलले. बॅस्टियन, पॅरापेट, केसमेट, सिटाडेल, गॅबियन हे सगळे याच वाटेने आले. आपल्याकडे गच्चीच्या कठड्याला पॅरापेट आणि दगडांनी भरलेल्या जाळीच्या पेटीला गॅबियन म्हणतात, तेव्हा तोफेपासून छाती झाकणारी भिंत आणि वेढ्यात मातीने भरून उभी केलेली टोपली, हे त्यांचे जुने अर्थ सहसा कुणाला आठवत नाहीत.

फ्रान्सचा राजा चौदावा लुई याचा लष्करी अभियंता सेबास्तियाँ ल प्रेस्त्र द व्होबाँ (1633–1707) याच्या काळात ही परिभाषा पूर्णपणे फ्रेंच झाली. 1673 मध्ये मास्ट्रिख्टच्या वेढ्यात त्याने तटाला समांतर जाणारे खंदक टप्प्याटप्प्याने पुढे सरकवत नेण्याची पद्धत वापरली, आणि ‘पॅरलल’ हा भूमितीतला शब्द वेढ्याच्या भाषेतला झाला. त्याच्या पद्धतीची माहिती देणारे पुस्तक 1691 मध्ये लंडनमध्ये इंग्रजीत निघाले. चारच वर्षांनी, 1695 मध्ये, इंग्लंडचा राजा तिसरा विल्यम याच्या सैन्याने व्होबाँने मजबूत केलेले, आजच्या बेल्जियममधले नामूर वेढा घालून जिंकले. इंग्रज अधिकारी हे शब्द पुस्तकातून शिकत होते आणि रणांगणावरही शिकत होते. स्पॅनिश वारसा युद्धाच्या वेळी तर असे शब्द लंडनच्या वृत्तपत्रांत इतके वाढले, की 1711 मध्ये निबंधकार जोसेफ ॲडिसनने ‘स्पेक्टेटर’ या नियतकालिकात तक्रार केली: पणजोबांनी आजची युद्धवार्ता वाचली, तर आपल्या वंशजांनी काय पराक्रम केला हे त्यांना कळणार नाही.

या काळात काही शब्द तसेच घेतले गेले, तर काहींचे शब्दशः भाषांतर झाले. ‘ग्लासी’, म्हणजे खंदकापलीकडचा मोकळा उतार, इंग्रजीत त्याच लिपीरूपात राहिला. ‘उव्राझ आ कॉर्न’, म्हणजे शिंगांसारखे दोन अर्धे बुरूज पुढे काढलेले बाहेरचे बांधकाम, ‘हॉर्नवर्क’ झाले. ‘शमँ कुव्हेर’चे ‘कव्हर्ड वे’ केले गेले आणि तिथे गोंधळ कायमचा शिरला. हा मार्ग खंदकाच्या बाहेरच्या कडेवरून जातो. समोरचा ग्लासीचा कंगोरा त्याला शत्रूच्या नजरेपासून आणि गोळ्यांपासून आडोसा देतो, पण त्याच्यावर छप्पर नसते. जुन्या इंग्रजी ग्रंथांत ‘कव्हर्ट वे’ असेही रूप दिसते आणि माझ्या मते तेच अधिक नेमके होते, कारण त्यात आडोशाचा अर्थ शाबूत राहतो.

‘दमी-ल्यून’चे प्रकरण याहून अवघड आहे. शब्दशः अर्ध-चंद्र, म्हणून इंग्रजीत ‘हाफ-मून’. जुन्या वापरात बुरुजाच्या टोकापुढचे बांधकाम ते हाफ-मून आणि दोन बुरुजांमधल्या सरळ तटापुढचे त्रिकोणी बांधकाम ते ‘रॅव्हलिन’, असा फरक होता. फ्रेंचांनी सतराव्या शतकात या दुसऱ्यालाच दमी-ल्यून म्हणायला सुरुवात केली. त्यामुळे व्होबाँच्या काळातल्या मजकुरातल्या दमी-ल्यूनचे ‘हाफ-मून’ केले, तर शब्द बरोबर आणि जागा चुकीची असे होते. तिथे ‘रॅव्हलिन’च हवा.

‘रदूत’ आणि ‘रेद्वी’ हे दोन शब्द तर इंग्रजीत एकमेकांत मिसळून गेले आहेत. रदूत म्हणजे स्वतंत्र, चारी बाजूंनी बंद असलेले ठाणे. रेद्वी म्हणजे बाकी सारे पडल्यावर शेवटची झुंज देण्यासाठी आत राखलेली जागा. पहिल्याचे इंग्रजीत ‘रिडाउट’ झाले, आणि भय या अर्थाच्या दुसऱ्याच एका शब्दाशी गल्लत होऊन त्याच्या लेखनात एक अनुच्चारित ‘ब’ शिरला. पुढे दुसऱ्यासाठीही तोच शब्द वापरात आला. 1940 मध्ये स्वित्झर्लंडने आल्प्समध्ये माघारीचा जो गड आखला, त्याचे फ्रेंच नाव ‘रेद्वी’ आहे आणि इंग्रजीत त्याला सर्रास ‘नॅशनल रिडाउट’ म्हटले जाते.

अठराव्या शतकात ही परिभाषा शाळेत शिकवली जाऊ लागली. 1741 मध्ये वुलिच येथे लष्करी अकादमी सुरू झाली आणि तिथल्या जॉन मुलरच्या पाठ्यपुस्तकांनी इंग्रजी रूपे बरीचशी पक्की केली. अमेरिकेत फ्रेंचांचा प्रभाव अधिक थेट होता. स्वातंत्र्ययुद्धात वॉशिंग्टनचा मुख्य अभियंता लुई द्युपोर्ताय फ्रेंच होता. 1781 मध्ये यॉर्कटाउनला 9 क्रमांकाचा रिडाउट फ्रेंचांनी आणि 10 क्रमांकाचा अमेरिकनांनी घेतला. वेस्ट पॉइंट या अमेरिकी लष्करी अकादमीच्या विद्यार्थ्यांना अभियांत्रिकी वाचता यावी म्हणून फ्रेंच शिकवली जाई, आणि त्याच अकादमीसाठी गे द व्हेर्नोंच्या तटबंदीवरील ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद 1817 मध्ये छापला गेला. अमेरिकी अभियंता दलाचे ब्रीद ‘एसेयों’, म्हणजे ‘प्रयत्न करू या’, आजही फ्रेंचच आहे. पुण्याच्या खडकीत ज्यांचे केंद्र आहे त्या बॉम्बे सॅपर्स या लष्करी अभियंता दलाच्या नावातला ‘सॅपर’ हाही, तटाकडे खणत नेलेला खंदक या अर्थाच्या ‘साप’ या फ्रेंच शब्दापासून आलेला आहे.

विसाव्या शतकात अनुवादकांचा कल बदलला. 1930 च्या कायद्यानंतर वेगाने बांधल्या गेलेल्या मॅजिनो रेषेतल्या, म्हणजे फ्रान्सच्या पूर्व सीमेवरच्या तटबंदीतल्या, मोठ्या भूमिगत ठाण्यांना फ्रेंच ‘उव्राझ’ म्हणतात. जुन्या रिवाजाप्रमाणे त्याचे ‘वर्क’ करता आले असते, पण इंग्रजी लेखक आता तो शब्द तसाच ठेवतात, आणि ते योग्यच आहे, कारण ‘वर्क’ने कोणतीही तटबंदी सूचित होते. ‘केसमेट’ मात्र फसवतो. व्होबाँच्या काळात तो तटाच्या पोटातली कमानदार कोठडी होता, तर मॅजिनो रेषेत तो दोन उव्राझांच्या मधले स्वतंत्र काँक्रीट ठाणेही आहे. ‘बूर्झ केसमेट’ या नावातले बूर्झ हे त्याचे ठिकाण नव्हे. त्या शहराजवळच्या चाचणी मैदानावरून ते पडले आहे. ‘तुरेल आ एक्लिप्स’ म्हणजे वर येऊन मारा करणारा आणि पुन्हा खाली बसणारा पोलादी बुरूज. त्याला ‘डिसॲपिअरिंग टरेट’ म्हटले की ‘डिसॲपिअरिंग गन’शी घोटाळा होतो, आणि ती तर धक्क्याने कठड्यामागे खाली जाणारी वेगळीच तोफ आहे, म्हणून ‘रिट्रॅक्टेबल टरेट’ अधिक सुरक्षित. ‘क्लोश’, म्हणजे काँक्रीटमध्ये पक्की बसवलेली पोलादी घंटा, हिला ‘क्युपोला’ म्हणणारे अनुवाद आहेत. परंतु बेल्जियमच्या किल्ल्यांच्या संदर्भात इंग्रजीत क्युपोला म्हणजे फिरणारा तोफेचा घुमट, आणि क्लोश मुळीच फिरत नाही.