जुन्या टॅक्सी, जुने ट्रक आणि मुंबईची हवा: वयोमर्यादेची पंचवीस वर्षं

मुंबईतल्या टॅक्सी, रिक्षा, टेम्पो आणि ट्रक यांच्या वयाचा प्रश्न ऐरणीवर आला तो उच्च न्यायालयामुळे. १९९९ मध्ये ‘स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरम’ या नागरिकांच्या संघटनेनं गाड्यांच्या धुराविरुद्ध याचिका दाखल केली. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये न्यायालयानं तेव्हाचे परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि एप्रिल २००० मध्ये समितीचा अहवाल आला. पंधरा वर्षांपेक्षा जुन्या टॅक्सींनी सीएनजी किंवा एलपीजीवर यावं, नाहीतर रस्ता सोडावा, ही भूमिका त्यातून पुढे आली. मुंबईत ‘गाडीचं वय’ हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला तो तेव्हापासून.

वाट आधी दिल्लीनं पाडली होती. पर्यावरणासाठी लढणारे वकील एम. सी. मेहता यांची १९८५ मधली याचिका सर्वोच्च न्यायालयात वर्षानुवर्षं चालली आणि २८ जुलै १९९८ रोजी न्यायालयानं तारखांसह वेळापत्रकच घालून दिलं. पंधरा वर्षांवरच्या व्यावसायिक गाड्या त्या वर्षाअखेर बंद, १९९० पूर्वीच्या रिक्षा-टॅक्सी मार्च २००० पर्यंत बदलायच्या आणि शहर बससेवा मार्च २००१ पर्यंत पूर्ण सीएनजीवर आणायची. तारखा पाळल्या गेल्या नाहीत, मुदती वाढल्या, पंपांवर रांगा लागल्या. तरी २००२ च्या अखेरपर्यंत दिल्लीच्या बस सीएनजीवर आल्या होत्या. न्यायालय मागे हटणार नाही, हे तिथे सगळ्यांना कळून चुकलं होतं.

मुंबईतल्या टॅक्सी इतक्या जुन्या का होत्या, हे पाहिल्याशिवाय पुढचं काही कळत नाही. १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमिअर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यातून निघणारी फियाट ११०० डिलाइट हीच पुढे प्रीमिअर पद्मिनी झाली. या गाडीचे सुटे भाग गल्लोगल्ली मिळायचे, कुठलाही मिस्त्री ती दुरुस्त करायचा आणि नवी घ्यायची तर कर्ज डोक्यावर. परमिट एकाचं, गाडी चालवणारा दुसरा, दिवसपाळी-रात्रपाळीचे चालक वेगळे. अशा धंद्यात गाडी बदलण्याची घाई कोणालाच नसते. त्यात डिझेल पेट्रोलपेक्षा पुष्कळ स्वस्त असल्यामुळे नव्वदच्या दशकात अनेकांनी पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलं. जुनी बॉडी आणि त्यात दुसरीकडून आणलेलं डिझेल इंजिन. धूर होणारच होता.

टॅक्सीच्या बाबतीत मुंबईचं नशीब थोर म्हणायला हवं. मुंबईजवळच्या समुद्रातल्या ‘मुंबई हाय’ या तेलक्षेत्राचा वायू जवळ होता, महानगर गॅस ही कंपनी १९९५ मध्ये स्थापन झाली होती. किट बसवून तीच पद्मिनी सीएनजीवर चालवता येत होती. डिकीतली निम्मी जागा सिलिंडरनं खाल्ली आणि पंपावर तासन् तास ताटकळावं लागलं, पण इंधनाचा खर्च इतका उतरला की चालकच त्या बाजूला झुकले. न्यायालयाचा हुकूम आणि चालकाचा फायदा एकाच दिशेला असले की काम होतं, याचा या सगळ्या इतिहासातला सर्वांत स्वच्छ पुरावा हाच.

वयाची थेट मर्यादा नंतर आली. २००८ मध्ये टॅक्सीसाठी पंचवीस वर्षं ठरली, २०१३ मध्ये ती वीसवर आणली गेली, रिक्षासाठी सोळा. पद्मिनीचं उत्पादन दोन हजार सालानंतर थांबलं होतंच. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची नोंदणी २९ ऑक्टोबर २००३ रोजी ताडदेव आरटीओत झाली होती. तिची वीस वर्षं भरली आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली. त्याआधी दीड महिना, १५ सप्टेंबरला, बेस्टची डिझेलवरची शेवटची डबलडेकर धावली होती. निरोपाचे फोटो खूप निघाले. मलाही त्या गाड्या प्रिय होत्या, पण त्यांच्यामागे उभं राहून ज्यांनी तो धूर गिळला त्या वाहतूक पोलिसांचा आणि फेरीवाल्यांचा विचार त्या हळहळीत फारसा कुठे दिसला नाही.

मालवाहू गाड्यांची गोष्ट मात्र इतकी सुरळीत नाही, आणि शहराच्या हवेच्या दृष्टीनं खरा पेच तिथे आहे. नॅशनल परमिटच्या, म्हणजे देशभर माल नेण्याचा परवाना असलेल्या ट्रकला केंद्रीय मोटार वाहन नियमांत सर्वसाधारणपणे बारा वर्षांची मर्यादा आहे. तेरावं वर्ष लागलं म्हणून ट्रक भंगारात जात नाही. तो लांब पल्ल्यावरून उतरतो आणि जवळच्या फेऱ्यांना लागतो: बंदरातून गोदामापर्यंत, खाणीतून बांधकामापर्यंत, पाण्याचा टँकर म्हणून, डेब्रिज उचलणारा डंपर म्हणून. म्हणजे गाडी जितकी जुनी, तितकी ती शहराच्या जवळ येते. थांबत-थांबत, कमी वेगानं, पूर्ण भार घेऊन चालणारं जुनं डिझेल इंजिन सर्वांत जास्त काजळी ओकतं, आणि नेमकं तसंच चालणं शहरात होतं. उच्च न्यायालयानं जुन्या मालवाहू गाड्यांबाबतही आदेश दिले होते. वाहतूकदारांचा विरोध झाला, मुदती वाढल्या. ज्यांना मुंबईत पासिंग मिळेना त्यांच्यासाठी दुसऱ्या जिल्ह्याची आरटीओ होती. शहराबाहेर घालवलेला धूर असा विदर्भ-मराठवाड्यातल्या एखाद्या गावात जाऊन बसतो, आणि तिथे हवा मोजणारं यंत्र बहुधा नसतंच.

मग वय हाच निकष का? कारण तो तपासायला सोपा. नोंदणीचं वर्ष कागदावर असतं, त्यावर वाद घालता येत नाही. पीयूसीची चाचणी उभ्या गाडीवर होते, भार घेतलेल्या गाडीची खरी स्थिती ती सांगत नाही आणि सूक्ष्म कण तर मोजतच नाही. पण वयाला चिकटून राहण्यातही अन्याय आहे. बीएस म्हणजे भारत स्टेज, नव्या गाडीच्या धुरावर मर्यादा घालणारं मानक. मुंबईत बीएस-दोन २००१ मध्ये आलं, बीएस-तीन २००५ मध्ये, बीएस-चार २०१० मध्ये. उरलेल्या देशात बीएस-चार पूर्णपणे पोहोचायला २०१७ उजाडलं. एप्रिल २०२० पासून बीएस-सहा सर्वत्र लागू झालं. डिझेलमधलं गंधक या काळात दहा लाखांत ५०० भागांवरून ३५०, मग ५०, आणि शेवटी १० वर आलं. गंधक इतकं कमी झाल्यावरच काजळी अडवणारी गाळणी गाडीत टिकाव धरू शकते. त्यामुळे २००९ चा ट्रक आणि २०२१ चा ट्रक यांच्यातला फरक बारा वर्षांच्या झिजेपुरता राहत नाही. यंत्रच निराळं आहे.

दिल्लीतही हा प्रवास असाच झाला. राष्ट्रीय हरित लवादानं २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. २०२५ मध्ये मात्र न्यायालयानं आधी कारवाई थांबवली आणि डिसेंबरमध्ये तो दिलासा बीएस-चार आणि त्यापुढच्या गाड्यांपुरता ठेवला. वयाऐवजी इंजिनाच्या मानकाकडे पाहायला पंचवीसहून अधिक वर्षं लागली.

केंद्राचं वाहन भंगार धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झालं. १ एप्रिल २०२२ पासून पंधरा वर्षांवरच्या अवजड गाडीच्या फिटनेस नूतनीकरणाचं शुल्क साडेबारा हजार रुपये झालं आणि १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द होऊ लागली. सरकारनं स्वतःच्या गाड्यांपासून सुरुवात केली हे योग्यच. पण एकच टेम्पो असलेल्या माणसाला भंगाराच्या पैशात नव्या गाडीचा पहिला हप्ताही भरता येत नसेल, तर तो फिटनेसचं शुल्क भरून गाडी आणखी रेटणार.

जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं पुन्हा या प्रश्नाला हात घातला. पेट्रोल-डिझेलच्या गाड्या टप्प्याटप्प्यानं बंद करून मुंबईत फक्त सीएनजी आणि विजेवरच्या गाड्या ठेवता येतील का, हे तपासायला सांगितलं. त्यानुसार राज्य सरकारनं निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. मुंबईच्या हद्दीत बंद केलेला ट्रक भिवंडी-पनवेलला धावणार असेल तर तिथल्या माणसाच्या छातीचं काय, आणि त्या ट्रकच्या मालकाला नवी गाडी घ्यायला कर्ज कोण देणार, या दोन प्रश्नांना लाल समितीनंतरच्या पंचवीस वर्षांत सरळ उत्तर मिळालेलं नाही.