नेगेव्हमधील अमान्य बेदुइन गावे

इस्राएलच्या दक्षिणेकडील नेगेव्ह (अरबी नाव नकब) प्रदेशातील अरब बेदुइनांची, सरकारदरबारी गाव म्हणून नोंद नसलेली वस्तीस्थाने. त्यांची संख्या साधारणतः ३५ धरतात. नेगेव्हमधील बेदुइनांची लोकसंख्या तीन लाखांच्या आसपास असून त्यांतील पाव ते एक तृतीयांश लोक अशा गावांत राहतात. हे लोक इस्राएलचे मतदार नागरिक आहेत. ओळखपत्रावर पत्त्याच्या जागी मात्र अनेकांच्या टोळीचेच नाव असते.

१९४८ पूर्वी येथे ६५,००० ते ९०,००० बेदुइन असावेत. १९४८ च्या अरब-इस्राएल युद्धानंतर सुमारे ११,००० उरले व बहुतेकांना नेगेव्हमधील बेरशेबा शहराच्या ईशान्येस ‘सियाग’ (कुंपण) या पट्ट्यात एकवटण्यात आले. तेथे १९६६ पर्यंत लष्करी अंमल होता. उम्म अल-हीरान येथील लोकांना १९५६ मध्ये सरकारनेच तेथे वसवले होते. तरीही ते गाव अमान्य राहिले आणि २०२४ मध्ये पाडले गेले.

वादाचे मूळ जमिनीच्या वर्गवारीत आहे. १८५८ च्या ओस्मानी भूमिसंहितेनुसार कोणाच्याही ताब्यात नसलेली व वस्तीपासून दूर असलेली जमीन ‘मवात’ (मृत) ठरे. अंतराची कसोटी अशी : वस्तीच्या टोकाला उभे राहून मोठ्याने मारलेली हाक जेथे ऐकू येत नाही ती जागा, म्हणजे अंदाजे दीड मैल किंवा अर्ध्या तासाची वाट. ओस्मानींनंतर येथे सत्तेवर आलेल्या ब्रिटिशांनी १९२१ मध्ये अशी जमीन कसणाऱ्यांना नोंदणीसाठी दोन महिने दिले. बेदुइनांनी जवळजवळ नोंदणी केलीच नाही. १९६९ च्या कायद्याने मवात हा वर्ग रद्द होऊन त्या जमिनी सरकारजमा झाल्या. हवाश्ला खटल्यात (१९८४) सर्वोच्च न्यायालयाने तंबूंची वस्ती ही वस्ती मानली नाही; त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील इंग्रज प्रवासी एडवर्ड पामर याच्या वर्णनाचा आधार घेतला. भूगोल-अभ्यासक रूथ कार्क प्रभृतींच्या मते येथील स्थिर शेती उशिरा सुरू झाली व तिच्यातून मालकी सिद्ध होत नाही. उलट ओरेन यिफ्ताखेल व अलेक्झांडर केदार हे अभ्यासक मालकीचा पुरावा म्हणून पिकांवरील कर आणि टोळ्यांची परंपरागत खरेदी-विक्री पुढे करतात. १९०० च्या सुमारास ओस्मानी सरकारने बेरशेबा नगरासाठी अझाझमा टोळीकडून जमीन विकत घेतली होती. मालक नसलेल्या जमिनीचे पैसे कोणाला दिले, हा प्रश्न सहज बाजूला सारता येत नाही. जमिनीच्या मालकीच्या अल-उक्बी खटल्यात (२०१५) मात्र न्यायालयाने सरकारचीच बाजू उचलून धरली.

१९७० च्या दशकात जमिनीच्या मालकीचे सुमारे ३,२०० दावे दाखल झाले. बहुतेक निकाली निघालेले नाहीत. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून राहतसह बेदुइनांसाठी सात नगरे वसवण्यात आली, पण तेथील पुष्कळ भूखंड रिकामेच राहिले. ज्या जमिनीवर दुसऱ्या कुटुंबाचा दावा आहे तेथे घर बांधू नये असा टोळ्यांचा संकेत आहे. आखणी करणाऱ्यांनी तो जमेस धरला नाही. ही नगरे आर्थिक-सामाजिक वर्गवारीत देशाच्या तळाशी आहेत. बेदुइनांच्या स्थलांतराची सरकारी ‘प्रावर योजना’ २०१३ अखेर गुंडाळली गेली.

अमान्यतेची साखळी १९६५ च्या नियोजन कायद्यापासून सुरू होते : आराखडा नाही म्हणून बांधकाम परवाना नाही, परवाना नाही म्हणून वीज व पाण्याची जोडणी नाही. काही कुटुंबे मुख्य जलवाहिनीवरील मीटरपासून किलोमीटरभर प्लॅस्टिकची नळी आणतात. ती उघड्यावर असल्याने उन्हाने चिरते, दाब घटतो, आणि मीटरपुढच्या गळतीचे पैसेही ग्राहकच भरतो. इतर टँकरवर अवलंबून असतात. विजेसाठी सौर पॅनेल व जनरेटर. घरे पत्र्याची असतात, कारण पाडली तरी नुकसान कमी होते. पाडण्याचा खर्च वसूल केला जातो म्हणून अनेक जण नोटीस येताच घर स्वतःच उतरवतात व पत्रे वाचवतात. अल-अराकीब हे गाव २०१० पासून दोनशेहून अधिक वेळा पाडले गेले आहे.

परवान्याविना हवाई हल्ल्यांपासून बचावाचे निवारेही नाहीत. एप्रिल २०२४ मधील इराणी क्षेपणास्त्र हल्ल्यात इस्राएलमध्ये गंभीर जखमी झालेली एकमेव व्यक्ती अशाच एका गावातील सात वर्षांची मुलगी होती.